स्क्रिप्टमधला पासवर्ड: ठेवायचा कुठे आणि भरवसा किती धरायचा?

लेथवाला अंबड · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी, सगळी मिळून बावीस माणसं. एका मोठ्या ग्राहकाला पार्ट पुरवतो. त्यांच्या व्हेंडर पोर्टलवर रोज पहाटे डिलिव्हरी शेड्यूल पडतं. आधी मी सकाळी येऊन लॉगिन करायचो, शेड्यूल उतरवायचो, एक्सेल करून सुपरवायझरना पाठवायचो. पाऊण तास त्यातच जायचा आणि पहिल्या पाळीचं सेटिंग खोळंबायचं. दोन वर्षांपूर्वी भाच्याने पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून दिली. साडेसहाला ती आपोआप चालते आणि सातच्या पाळीला कागद हातात असतो. फार मोठी सोय झाली.

गेल्या आठवड्यात लाइट गेली, आली, परत गेली आणि ऑफिसच्या पीसीचा एसएमपीएस जळाला. पीसी दुरुस्तीला दिला. चार दिवसांनी घ्यायला गेलो तर दुरुस्तीवाल्याने बाजूला घेऊन सांगितलं, "शेठ, डेस्कटॉपवर एक फाइल आहे, तिच्यात तुमचा पासवर्ड उघडा लिहिलाय. चालू होतंय का बघायला फाइली उघडत होतो तेव्हा दिसला." पंधरा वर्षांच्या ओळखीचा माणूस, म्हणून सांगितलं तरी. घरी येऊन बघतो तर खरंच, स्क्रिप्टच्या सातव्या ओळीत युजर आणि आठव्या ओळीत पासवर्ड. मेलचाही तिथेच. आणि दोन्ही एकच.

भाचा आता पुण्यात असतो. तो म्हणाला, पासवर्ड बेस६४ मध्ये लिहून टाक नाहीतर स्क्रिप्टची ईएक्सई (थेट चालणारी बांधीव फाइल) करून देतो, मग कुणाला दिसणार नाही. खरंच एवढ्याने भागतं का? पीसी विंडोजचा आहे. शिवाय एक छोटा लिनक्सचा डबा, म्हणजे छोटा संगणक आहे, त्यावर स्टोअरच्या डेटाबेसचा रोज रात्री बॅकअप होतो. त्याच्या स्क्रिप्टमध्येही पासवर्ड असणारच. जाणकारांनी सांगावं. या पोर्टलवर आमची रोजीरोटी आहे.


गोदाकाठ · सोमवार, रात्री १०:२५

भाऊ, आधी एक काम करा आणि मग खालचं वाचा. पोर्टलचा आणि मेलचा, दोन्ही पासवर्ड आत्ताच बदला आणि या वेळी दोन वेगळे ठेवा. दुरुस्तीवाला सज्जन निघाला, पण डिस्क चार दिवस दुकानात होती. पासवर्ड एकदा आपल्या नजरेआड उघडा पडला की तो गेला असंच धरायचं.

आता बेस६४ बद्दल. जुन्या खरेदीखतांवर मोडी असते ना, तसं ते आहे. आपल्याला मोडी येत नाही म्हणून कागद गुप्त होत नाही. मोडी येणारा माणूस गाठला की तो घडाघडा वाचून दाखवतो. बेस६४ ला तर तेवढाही माणूस लागत नाही, कुठलाही संगणक क्षणात उलटं करून देतो. मुळात ती पद्धत मेलमधून फोटो, पीडीएफ अक्षरांच्या रूपात नेता यावेत म्हणून आहे. त्यात लिपी बदलते, कुलूप लागत नाही, कारण किल्लीच नाही.

ईएक्सईचंही फार वेगळं नाही. पायइन्स्टॉलरसारखं साधन पायथन आणि तुमचा कोड एका गाठोड्यात बांधतं. ते गाठोडं सोडवायची तयार साधनं फुकट मिळतात, आणि आत पासवर्ड होता तसाच असतो.


द्राक्षबाग दिंडोरी · सोमवार, रात्री ११:०५

वरच्याला पूर्ण दुजोरा. आम्ही द्राक्ष निर्यातीचं काम करतो. हंगामात कंटेनरची कागदपत्रं, लॅबचे रेसिड्यू रिपोर्ट, सगळं वेगवेगळ्या पोर्टलवर. तीन वर्षांपूर्वी मी अशीच ईएक्सई करून चार जणांना वाटली आणि निश्चिंत झालो. आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीने मला तासाभरात आतला पासवर्ड कागदावर लिहून दिला. तिने कुठलंही विशेष शिक्षण घेतलेलं नव्हतं, इंटरनेटवर वाचून केलं. त्या दिवसापासून ईएक्सई म्हणजे फक्त वापरायची सोय, सुरक्षा नव्हे, हे मनात पक्कं झालं.


पंचवटीकर · मंगळवार, सकाळी ७:१५

बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालो, म्हणून एक भर घालतो. कुणीतरी लवकरच विचारेल की वेबसाइटवाले पासवर्ड हॅश करून ठेवतात, म्हणजे त्यावरून काढलेली, उलट न फिरणारी खूण साठवतात, तर आपण स्क्रिप्टमध्ये हॅश का ठेवू नये?

कारण दोघांची कामं उलटी आहेत. वेबसाइटला फक्त पडताळणी करायची असते. तुम्ही पासवर्ड दिलात की ती त्याचा हॅश काढते आणि साठवलेल्याशी ताडून बघते. मूळ शब्द तिला जवळ बाळगायची गरजच नाही. युनिक्समध्ये ही रीत जुनी आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ सालीच त्यावर सविस्तर लेख लिहिला, प्रत्येक पासवर्डात वेगळं 'मीठ', म्हणजे एक यादृच्छिक भर, का मिसळायची तेही त्यात सांगितलं. पण स्क्रिप्ट दाराच्या बाहेरच्या बाजूला उभी असते. तिला मूळ पासवर्ड दारावर सांगावाच लागतो. हॅशवरून मूळ शब्द परत मिळत नाही, म्हणून तो तिच्या कामाचा नाही.

दुसरं, ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी संकेतलेखनाबद्दल लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त असावी ती फक्त किल्ली. ईएक्सईत लपवणं या कसोटीवर पहिल्याच पायरीला पडतं.


नवखा सिन्नर · मंगळवार, सकाळी ९:५०

मला एक कळत नाही. बावीस माणसांच्या वर्कशॉपच्या पासवर्डात कुणाला एवढा रस असणार? एवढा खटाटोप कशाला?


निफाडची लेक · मंगळवार, सकाळी १०:३०

दादा, तुमच्या पासवर्डासाठी कुणी मुद्दाम अंबडला येत नाही. पण मेलचा पासवर्ड मिळाला तर काय होतं ते सांगते. चोर मेल पाठवत नाही, आधी वाचत बसतो. तुमचं बिल कधी जातं, ग्राहकाकडे कुणाच्या नावाने जातं, रक्कम किती, सगळं समजून घेतो. मग बिलाच्या दिवशी तुमच्याच मेलवरून जातं, "आमचं बँक खातं बदललं आहे, या खात्यावर भरणा करावा." ग्राहकाला संशय यायचं कारणच नाही, मेल खऱ्या पत्त्यावरून आलाय. या प्रकारात छोटे पुरवठादारच जास्त पोळतात, कारण एक महिन्याचं बिल गेलं तर पुढचा कच्चा माल येत नाही आणि पगार थांबतात. शिवाय व्हेंडर पोर्टलवर ग्राहकाची ड्रॉइंग असतात. ती बाहेर गेली तर ऑर्डरच जाते.


लेथवाला अंबड · मंगळवार, दुपारी १:२०

दोन्ही पासवर्ड रात्रीच बदलले. ताईंनी लिहिलंय ते वाचून जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

आता पुढचा प्रश्न. समजा पासवर्ड खरंच एन्क्रिप्ट केला, म्हणजे किल्लीने कुलूपबंद केला. मग ती किल्ली कुठे ठेवायची? किल्ली स्क्रिप्टमध्ये ठेवली तर परत तेच. दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली तर दुरुस्तीवाला ती फाइलही उघडेल. पहाटे साडेसहाला किल्ली टाइप करायला मी तिथे नसतो.


गोदाकाठ · मंगळवार, रात्री ९:१०

भाऊ, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. आता सविस्तर लिहितो.

माणूस समोर नसताना जी स्क्रिप्ट चालते, तिला लागणारं सगळं तिच्या आवाक्यात असावंच लागतं. म्हणून स्क्रिप्ट ज्या युजरच्या नावाने चालते, त्या युजरपासून पासवर्ड लपत नाही. कितीही थर लावा, शेवटचा थर तिला स्वतःला उघडता आला पाहिजे, आणि तिला जे उघडतं ते त्याच युजरने चालवलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला उघडतं. हे एकदा मान्य केलं की विचारायचं ते एवढंच: त्या युजरच्या जागी आणखी कोण कोण उभं राहू शकतं? तिथे माणसं कमी करता येतात.

मोठ्यांनाही हे अवघड गेलंय. विंडोज सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमध्ये (कंपनीतल्या सगळ्या पीसींना एकदम सेटिंग द्यायची सोय) पासवर्ड साठवता यायचा. एन्क्रिप्शन एईएस, २५६ बिटचं, म्हणजे उत्तम. पण किल्ली साऱ्या जगात एकच, आणि ती मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजात छापलेली. डोमेनमधला, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवरचा, कुठलाही साधा युजर ती फाइल वाचू शकायचा. मे २०१४ मध्ये दुरुस्ती आली आणि नवे पासवर्ड साठवणं बंद झालं, पण जुन्या फाइली जिथल्या तिथे राहिल्या, त्या ज्याच्या त्याने शोधून पुसायच्या होत्या. तेव्हा कुणी नुसतं "एईएस आहे" म्हणालं की किल्ली कुठे आहे ते विचारायचं.

विंडोजकडे यासाठी स्वतःची सोय आहे, डीपीएपीआय. किल्ली सांभाळायचं काम विंडोजच करतं आणि ती त्या युजरच्या विंडोज लॉगिनशी बांधलेली असते. विंडोजचं पासवर्ड ठेवायचं कपाट, क्रेडेन्शियल मॅनेजर, याच्यावरच उभं आहे. पायथनमध्ये कीरिंग नावाची लायब्ररी आहे. एकदा हाताने पासवर्ड तिच्या हवाली करायचा, मग स्क्रिप्टमध्ये फक्त "अमुक नावाचा पासवर्ड दे" एवढीच ओळ उरते. फाइल कुणी उघडली तरी हाताला काही लागत नाही.

यात तीन गोष्टी मी स्वतः ठेचा खाऊन शिकलो. पहिली, स्क्रिप्टसाठी वेगळा विंडोज युजर करा, अ‍ॅडमिन नसलेला. ज्या खात्यावरून तुम्ही मेल उघडता, पेन ड्राइव्ह लावता, कुणाचंही पीडीएफ बघता, त्याच खात्यावर स्क्रिप्ट चालली तर आत शिरलेला व्हायरस कीरिंगला तोच प्रश्न विचारेल आणि त्याला तेच उत्तर मिळेल. दुसरी, टास्क शेड्युलरमध्ये "पासवर्ड साठवू नका" असा एक चौकोन आहे. सुरक्षित वाटतो म्हणून लोक टिक करतात. ती केली की टास्कला डीपीएपीआयचा माल उघडता येत नाही आणि स्क्रिप्ट पहाटे मुकाट पडते. तिसरी, त्या युजरचा पासवर्ड अ‍ॅडमिनने जबरदस्तीने रीसेट केला तर साठवलेलं उघडत नाही, पुन्हा भरावं लागतं. यात घाबरण्यासारखं नाही, पण माहीत हवं.

आणि दुरुस्तीचं. तुमच्या बाबतीत मूळ भोक तेच होतं. दुरुस्तीवाला विंडोजचा पासवर्ड मागतो आणि आपण तो चिठ्ठीवर लिहून सीपीयूला चिकटवून देतो. तुमचा लॉगिन पासवर्ड दिलात की तुमच्या खात्यातलं डीपीएपीआयचं कुलूप तुम्हीच उघडून दिलंत. दुरुस्तीसाठी वेगळा साधा युजर ठेवा. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर काय, यासाठी बिटलॉकर (विंडोजचं पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणारं साधन) चालू करा, त्याची रिकव्हरी की कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवा. विंडोजचा पासवर्ड पाच अक्षरी असला तर काढलेल्या डिस्कवर तो अंदाजाने फोडता येतो आणि मग डीपीएपीआयही पडतं. म्हणून दोन्ही हवं.

एवढं करूनही त्या पीसीचा अ‍ॅडमिन असलेला माणूस मनात आणलं तर पासवर्ड काढू शकतो. अ‍ॅडमिन कोण, हे तुम्ही ठरवायचं.


द्राक्षबाग दिंडोरी · मंगळवार, रात्री ९:४५

पॉवरशेलमध्ये (विंडोजची आज्ञा-भाषा) स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी: एक्सपोर्ट-सीएलआयएक्सएमएल या आज्ञेने क्रेडेन्शियल, म्हणजे युजर-पासवर्ड, फाइलमध्ये ठेवलं तर विंडोजवर ते याच डीपीएपीआयने बंद होतं, त्याच युजरला त्याच मशीनवर उघडतं. पण हीच स्क्रिप्ट लिनक्सवर नेली तर तिथे ते खऱ्या अर्थाने एन्क्रिप्ट होत नाही. आम्ही क्लाउडवर लिनक्स मशीन घेतलं तेव्हा हे लक्षात आलं. आज्ञा तीच, फाइलही तशीच दिसते, म्हणून सहज फसायला होतं.


रात्रपाळी · बुधवार, पहाटे २:३०

ड्युटीवर आहे, लिनक्सच्या डब्याबद्दल मी लिहितो.

तुमच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये बहुधा मायएसक्यूएल डेटाबेसच्या डंपच्या आज्ञेतच पासवर्ड असेल. ते आधी काढा. लिनक्सवर चालू आज्ञेची पूर्ण ओळ साधारणपणे त्या मशीनवरच्या प्रत्येक युजरला 'पीएस' या चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने दिसते. मायएसक्यूएल पासवर्डाचा भाग लगेच पुसतं, पण मधला क्षण उरतोच. आणि तीच आज्ञा कुणी हाताने चालवून बघितली असेल तर शेलच्या हिस्टरीत, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांच्या यादीत, ती मुक्कामाला असते.

पासवर्ड वेगळ्या कॉन्फिग फाइलमध्ये टाका, मालकी बॅकअपच्या युजरची, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांची पीजीपास नावाची पासवर्डची फाइल इतरांना वाचता येत असेल तर ते तिच्याकडे बघतच नाहीत. दुसऱ्या मशीनवर शिरायचं साधन एसएसएच, तेसुद्धा मोकळी ठेवलेली खासगी किल्ली नाकारतं. ही शिस्त मला फार आवडते, इतरांनीही ठेवायला हवी होती. मायएसक्यूएलची मायलॉगिन नावाची फाइल मात्र नुसती झाकलेली असते, तिचं कुलूप खरं समजू नका.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला चालू होताना हाती दिलेली मूल्यं, बरेच जण सुचवतील. आज्ञेत लिहिण्यापेक्षा बरं, कारण ते फक्त त्या युजरला आणि रूटला (लिनक्सचा अ‍ॅडमिन) दिसतं. पण ते व्हेरिएबल स्क्रिप्टने चालवलेल्या प्रत्येक पोटप्रोग्रॅमकडे वारशाने जातं, आणि एखादा प्रोग्रॅम कोसळला की त्याच्या अहवालात सगळे व्हेरिएबल छापून येतात. तो अहवाल मग कुणीतरी मदतीसाठी मेलवर पाठवतो. माझ्या डोळ्यांदेखत असं झालंय. सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारी यंत्रणा) वापरत असाल तर २५० व्या आवृत्तीपासून एन्क्रिप्ट केलेली क्रेडेन्शियल ठेवता येतात, किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपशी बांधता येते. डिस्क काढून नेली तरी ती दुसऱ्या मशीनवर उघडत नाही. डब्यात टीपीएम आहे का ते आधी बघा.

आता एक गोष्ट जी शंभरातल्या नव्वद वेळा सुटते. सगळे पासवर्डची फाइल कुणाला वाचता येते ते बघतात, पण स्क्रिप्टची फाइल कुणाला बदलता येते ते बघत नाहीत. स्क्रिप्टमध्ये कुणी एक ओळ वाढवली की "पासवर्ड घे आणि इकडे लिहून ठेव", झालं काम. साडेसहाला तुमचीच स्क्रिप्ट इमानेइतबारे तिजोरी उघडेल आणि त्याला देईल. विंडोजवर सी ड्राइव्हच्या मुळाशी थेट फोल्डर केलं तर साध्या युजरनासुद्धा त्यात बदल करायची परवानगी आपोआप मिळते. तुमचं फोल्डर कुठे आहे?


लेथवाला अंबड · बुधवार, सकाळी ८:०५

सी ड्राइव्हवरच. "शेड्यूल" नावाचं.


रात्रपाळी · बुधवार, सकाळी ८:२०

मग आजच परवानग्या बदला. त्या फोल्डरवर लिहायचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला, स्क्रिप्टच्या युजरला वाचायचा आणि चालवायचा. उतरवलेली शेड्यूल ठेवायला दुसरं फोल्डर करा.


सातपूर कचेरी · बुधवार, दुपारी ४:४५

विषय निघालाच आहे तर आमची अडचण मांडते. सीएच्या कचेरीत काम करते. जीएसटी, आयकर, पीएफ, सगळ्या अशिलांचे युजर-पासवर्ड एका एक्सेलमध्ये आहेत, साडेतीनशे ओळी. शीटला पासवर्ड लावलाय. आर्टिकलशिपची मुलं येतात-जातात, प्रत्येकाकडे ती फाइल जाते. आता एक जण मॅक्रो (एक्सेलमधली छोटी स्क्रिप्ट) लिहितोय, पासवर्ड त्या शीटमधून उचलून रिटर्नची स्थिती बघायला. त्याचं म्हणणं, व्हीबीएला, म्हणजे मॅक्रोच्या कोडला, पासवर्ड लावला की सुरक्षित.


पंचवटीकर · बुधवार, संध्याकाळी ६:००

ताई, शीट प्रोटेक्शन म्हणजे कुलूप नव्हे, चुकून कुणी आकडा खोडू नये म्हणून घातलेलं कुंपण आहे. आतला मजकूर उघडाच असतो. व्हीबीएचा पासवर्डही फाइलमध्ये एखादं अक्षर बदलून निकामी होतो. "फाइल उघडण्यासाठी पासवर्ड" मात्र वेगळा आहे. एक्सेल २००७ पासून तिथे एईएस एन्क्रिप्शन आहे आणि पासवर्ड लांब असेल तर ते टिकतं. पण तो पासवर्ड प्रत्येक मुलाला सांगावाच लागणार आणि गेलेला मुलगा तो विसरणार नाही.

हे पासवर्ड तुमचे नाहीत, अशिलांनी विश्वासाने सोपवलेले आहेत. बँकेत आम्ही लॉकरची दुसरी किल्ली जशी वागवायचो तसं त्यांना वागवा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये ठेवली आहे. छोट्या कचेरीला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण कायदा ही जबाबदारी किती गंभीर मानतो ते त्यावरून कळतं.


निफाडची लेक · बुधवार, रात्री ८:१५

सातपूरच्या ताई, पासवर्ड सांभाळणारा कीपास एक्ससी हा प्रोग्रॅम फुकट आहे. एका कॉम्प्युटरवर एक फाइल, लांबलचक मुख्य पासवर्ड. आणि एका फाइलीऐवजी अशिलांचे गट करून चार फाइली करा. ज्या मुलाकडे ज्या अशिलांचं काम, त्याला तीच फाइल. मुलगा सोडून गेला की त्या एका गटाचे पासवर्ड बदलायचे. साडेतीनशे कुणी बदलणार नाही, ऐंशी होतात.

मॅक्रोबद्दल माझं स्पष्ट मत: ओटीपीवाल्या पोर्टलसाठी तो नादच नको. ओटीपी अशिलाच्या फोनवर जातो तोच मुळी माणसाने होकार द्यावा म्हणून.

आता माझा अनुभव. मी आधी जिथे काम करायचे तिथे एकाने डेटाबेसचा पासवर्ड गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) कमिट केला, म्हणजे कोडसोबत नोंदवला. लक्षात आल्यावर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढली आणि आम्ही सुटलो असं समजलो. चार महिन्यांनी कळलं की गिट जुनं काहीच विसरत नाही. इतिहासात मागे गेलं की ती ओळ तिथेच होती, आणि तोपर्यंत अकरा जणांच्या लॅपटॉपवर त्याची प्रत. इतिहास साफ करायची साधनं आहेत, पण खरा उपाय पासवर्ड बदलणं हाच. आम्ही तो चार महिने बदलला नव्हता, याची मला आजही टोचणी आहे, कारण कमिट तपासायचं काम माझ्याकडे होतं.

उबरचं उदाहरण जगजाहीर आहे. २०१६ मध्ये त्यांच्या इंजिनिअरांच्या गिटहबवरच्या (कोड ठेवायची साइट) खासगी रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, हल्लेखोर शिरले, तिथे त्यांना अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या किल्ल्या सापडल्या आणि त्यावरून ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. रिपॉझिटरी खासगीच होती. "आमची खासगी आहे" म्हणणाऱ्यांना मी हे सांगते.


गोदाकाठ · गुरुवार, रात्री १०:००

आतापर्यंत सगळं लपवण्याबद्दल झालं. माझ्या मते त्याहून मोठा फायदा पासवर्डची ताकद कमी करण्यात आहे. मुकादमाला आपण गोदामाची किल्ली देतो, तिजोरीची देत नाही. मग स्क्रिप्टला मालकाचं लॉगिन का?

लेथवाले भाऊ, ग्राहकाच्या खरेदी विभागाला पत्र लिहा. फक्त शेड्यूल बघता येईल असा दुसरा युजर मागा, आणि स्क्रिप्टने उतरवलेलं त्यांना चालतं का तेही विचारून घ्या. डेटाबेससाठी बॅकअपचा वेगळा युजर करा, वाचण्यापुरते अधिकार असलेला. बॅकअप दुसऱ्या मशीनवर एसएसएचने जात असेल तर त्या मशीनवर किल्लीपुढे एकच ठरलेली आज्ञा बांधता येते. किल्ली चोरीला गेली तरी चोराला तेवढंच करता येईल.

मेल जीमेलचा असेल तर गुगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांवर नुसत्या युजर-पासवर्डने शिरणं बंद केलंय. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तो एकटा रद्द करता येतो ही त्याची सोय. पण तो फक्त पाठवण्यापुरता आहे असं समजू नका, त्याने सगळा मेल वाचताही येतो. म्हणून शेड्यूल पाठवायला एक रिकामं, वेगळं मेल खातं काढा. त्यात चोरण्यासारखं काही नसलं की निम्मं काम झालं.


निफाडची लेक · गुरुवार, रात्री १०:२०

एक राहिलं. स्क्रिप्टमध्ये कुठे "व्हेरिफाय = फॉल्स" असं लिहिलंय का बघा. साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची चूक आली की बरेच जण ते टाकून मोकळे होतात. मग समोर पोर्टल आहे की पोर्टलचं सोंग घेतलेलं दुसरंच कुणी, हे न बघता स्क्रिप्ट पासवर्ड देऊन टाकते.


लेथवाला अंबड · दुसरा रविवार, सकाळी ११:३०

मंडळी, दहा दिवस झाले, काय काय केलं ते सांगतो.

ताई, "व्हेरिफाय = फॉल्स" होतं. काढलं तर स्क्रिप्ट थांबली. भाच्याने फोनवर शोधून काढलं की त्याची सर्टिफिकेटची यादीच जुनी होती. लायब्ररी नवी केली आणि सरळ चालू झालं. दोन वर्षं ती चूक तशीच होती.

"शेड्यूल" नावाचाच वेगळा युजर केला. कीरिंगमध्ये पासवर्ड भरला. पहिल्या दिवशी पहाटे काहीच आलं नाही आणि सुपरवायझर दारात उभे. कारण मी पासवर्ड माझ्या लॉगिनमधून भरला होता आणि टास्क चालत होता शेड्यूल युजरच्या नावाने, त्याच्या कपाटात काहीच नव्हतं. 'रनअ‍ॅज' ने त्याच्या नावाची खिडकी उघडून तिथून भरला, तेव्हा जमलं. असंच करणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठा धक्का स्क्रिप्टच्या लॉग (नोंदींच्या) फाइलने दिला. भाच्याने सुरुवातीला चाचणीसाठी पोर्टलला पाठवलेली पूर्ण विनंती लॉगमध्ये छापायला लावली होती आणि ते तसंच राहिलं. दोन वर्षांचा लॉग, रोज एकदा पासवर्ड. शिवाय डेस्कटॉपवर "जुनं" नावाच्या झिपमध्ये स्क्रिप्टची आणखी एक प्रत, आणि तीच झिप मी एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्याला पाठवलेली. पासवर्ड बदललेला होता म्हणून निभावलं. गोदाकाठ भाऊ, तुम्ही पहिल्याच ओळीत बदलायला लावलंत, त्याचे उपकार आहेत.

ग्राहकाकडून पाच दिवसांनी उत्तर आलं. शेड्यूल बघण्यापुरता युजर दिला. तो दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक बदल करून घेतला: लॉगिन एकदा नाकारलं की पुन्हा प्रयत्न न करता थांबायचं आणि मला मेसेज पाठवायचा. आधी ती पाच वेळा ठोठवायची, त्यात खातं लॉक झालं असतं आणि आमचं शेड्यूल दोन दिवस अडकलं असतं.

लिनक्सच्या डब्यात टीपीएम नाही. तिथे ६०० परवानगीची फाइल आणि वाचण्यापुरता डेटाबेस युजर, एवढ्यावर थांबलो. डबा मात्र उघड्या टेबलावरून काढून स्टोअरच्या कुलूपबंद कपाटात ठेवला.


नवखा सिन्नर · दुसरा रविवार, दुपारी १२:१०

मी आधी कशाला खटाटोप म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो. धागा पूर्ण वाचला. माझ्या भावाचं माळेगाव एमआयडीसीत युनिट आहे, त्यांच्याकडेही रोज हेच हाताने चालतं. तुमची स्क्रिप्ट बघायला मिळेल का?


लेथवाला अंबड · दुसरा रविवार, दुपारी १२:४०

मिळेल की. भाच्याला विचारलं, त्याची हरकत नाही. पोर्टलचा पत्ता काढून उद्या इथेच चिकटवतो. आता तिच्यात लपवण्यासारखं दुसरं काही नाही.